नाकावरची दोन बोटं

मिलमध्ये लागून आठवडाही झाला नव्हता. मी सांडशी धरून उभा होतो. भट्टीतून लालभडक लोखंड येत होतं, रोलमधून लांबत चाललं होतं, आणि आवाज असा की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नव्हता. मान वर केली तर समोर, तापलेल्या फरशीच्या पलीकडं, दिगंबर उभा. आमच्या पाळीचा सुपरवायझर. त्यानं माझ्याकडं बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं उचलली, स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि हनुवटीनं झटका दिला. इकडं ये.

मी गेलो.

हेच सांगायला सगळ्यात जड जातं. त्यानं नाक धरलं, ते एक वेळ सांगता येतं. पण मी गेलो. विचार केला नाही, रागावलो नाही. सांडशी शेजारच्याच्या हातात दिली आणि पाय चालायला लागले. डोक्यात काय ते आलं तोवर मी त्याच्यासमोर पोचलो होतो. त्यानं कोपऱ्यात बोट केलं. तिथं एक वाकडी होऊन गार पडलेली लांब सळई होती. ती ओढून भंगारात न्यायची होती.

मी ओढली. फरशीवरून तिचा खरखर आवाज येत असणार. मला ऐकू आला नाही, पण हाताला कळत होता.

जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवायच्या अशा कितीतरी मिल आहेत. आत शब्दाचा काही उपयोग नाही. घसा फाटेस्तोवर ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून सगळं हातानं बोलायचं. मूठ वर केली की थांब. तळहात खाली दाबला की सावकाश. अंगठा तोंडाला लावला की पाणी. करंगळी दाखवली की लघवीला जाऊन येतो. आणि दोन्ही हातांची फुली केली की पळ, सळई सुटली. हे कुणी शिकवत नाही. बघून बघून अंगात मुरतं.

माणसांनाही खुणाच होत्या. नावानं हाक मारता येत नाही, म्हणून ज्याची त्याची एक खूण. एकाच्या मिशा मोठ्या, त्याला मिशी पिळून बोलवायचं. एकाचं पोट सुटलेलं, त्याला पोट थोपटून. बिहारकडचे एक म्हातारे कामगार होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या कानात बाळी. त्यांना बोलवायचं तर आपल्या कानाची पाळी ओढायची. आधी माणसाची खूण करायची, त्यानं बघितलं की मग निरोप सांगायचा. पोटवाल्याला पोटाचा राग नव्हता, मिशीवाला तर मिशीची खूण बघून खुलायचा. खूण पडली म्हणजे माणूस मिलचा झाला, असं होतं ते.

मलाही वाटत होतं, आपल्याला काय खूण पडेल? मी उंच आहे. घरी आल्यावर बायकोला म्हणालो होतो, बघ, हात डोक्याच्या वर नेऊन बोलवतील मला. ती हसली होती.

दिगंबरनं नाक धरलं तेव्हा पाच-सहा जणांनी बघितलं. मी लगेच गेलो तेही बघितलं. झालं. माझी खूण ठरली.

त्यांना वाटलं, नवा माणूस आहे, धूर सोसत नाही, गमछा नाकावर बांधून फिरतो, त्यावरून पडली असेल. साधी गोष्ट. मिलमधल्या त्या सगळ्या माणसांत त्या खुणेचा अर्थ दोघांनाच माहीत होता. त्याला आणि मला.

आमचं गाव एकच. मंठ्याच्या पलीकडचं. आमची गल्ली गावाच्या कडेला, तिच्या तोंडाशी एक लिंबाचं झाड. गावात कुणाच्या गोठ्यात ढोर मेलं की त्या झाडापाशी माणूस येऊन उभा राहायचा. गल्लीत पाऊल टाकायचा नाही. हाक मारायचा नाही. नाक चिमटीत धरायचा आणि हनुवटीनं दिशा दाखवायचा. ज्या दिशेला हनुवटी, त्या दिशेचं घर. बस. एवढ्यात सगळा निरोप पोचायचा. कुणाचं ढोर, कुठून उचलायचं, आत्ताच्या आत्ता ये.

माझा बाप उठायचा. जेवत असला तरी उठायचा. हातातला घास परत ताटात ठेवताना मी त्याला बघितलं आहे. मग भिंतीवरचा दोर घ्यायचा आणि निघायचा. आई ताट झाकून ठेवायची. बाप परत आल्यावर आंघोळ करायचा, पण त्या ताटाला हात लावायचा नाही. त्याला नाव होतं. चांगलं, देवाचं नाव होतं. त्या झाडापाशी उभं राहून ते कुणी घेतलं नाही.

एकदा निरोप घेऊन दिगंबरच आला. पाटलाचा पोरगा. माझ्याच वर्गात होता, माझ्यापुढच्या ओळीत बसायचा. सायकलवरून आला, उतरलाही नाही. एक पाय जमिनीला टेकवला, नाक धरलं, हनुवटी उडवली. बाप माझ्याजवळ बसला होता. ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघायचो तो माझा बाप. तो त्या एवढ्याशा पोराकडं बघून मान हलवत उठला आणि दोर घेऊन सायकलच्या मागं मागं गेला. दिगंबरनं जाताना माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढं बापानं ते काम सोडलं. आमच्या गल्लीनं मिळूनच सोडलं. त्यावर गावानं आम्हाला शेतात कामाला बोलवणं बंद केलं, दळण बंद केलं, बोलणं बंद केलं. बाप मंठ्याच्या बाजारात हमाली करायला लागला. पाठ मोडली, पण दोर पुन्हा हातात घेतला नाही. तो मला म्हणायचा, "तुझ्यापोत्तर येऊ दिलं न्हाई मी हे." मरेपर्यंत त्याला त्याचा अभिमान होता. मी ते काम एक दिवसही केलेलं नाही. तरी माझ्या पायांना ती खूण पाठ होती.

जालन्याला आलो तेव्हा मला वाटलं होतं, गाव मागं राहिलं. इथं कोण कुणाला ओळखतं? पगारावर काम, भाड्याची खोली, शेजारी कुठले कुठले लोक. मिलमध्ये गेलो तर सुपरवायझर म्हणून दिगंबर पुढं. पाहिल्या पाहिल्या ओळखलं त्यानं. "अरे, तू तर आमच्याच गावचा," म्हणाला. हसूनच म्हणाला.

त्या पहिल्या खुणेच्या दिवशी मिलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. जवळ म्हणजे त्याच्या हिशोबानं जवळ. फुंकर घालत चहा पीत होता. म्हणाला, "गावची खूण विसरला न्हाईस अजून. बराबर आला."

मी फाटकाकडं बघत राहिलो.

"मजाक केला रे. मनाला लावून घेऊ नको."

कप हातात होता, तो मी संपवला. काय बोलणार होतो? त्याला म्हणायचं होतं की असं करू नको. पण ते म्हणायचं तर 'असं' म्हणजे काय ते बोलावं लागणार होतं. टपरीवर दहा माणसं होती. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांच्यापुढं मी माझ्याच तोंडानं ती गोष्ट उघडी करू?

ती खूण अशी होती की तिच्यातून सुटायचं तर आधी तिचा अर्थ जाहीर करावा लागणार होता. तो एकदा जाहीर केला की मग जे हसत खूण करायचे ते अर्थ जाणून करतील. किंवा करणार नाहीत, पण दुसऱ्या नजरेनं बघतील. ती नजर मला चांगली माहीत आहे. तिलाही शब्द लागत नाहीत.

म्हणून मी गप्प राहिलो. पाळी सुरू झाली की कुठूनतरी कुणीतरी नाक धरायचं आणि मी वळायचो. मिशीवाला नाक धरायचा. पोटवाला नाक धरायचा. चाचा तर मोठ्या मायेनं धरायचे, डोळे मिचकावून. त्यांचा माझ्यावर जीव होता. लोखंडाचा रंग बघून त्याचा ताव कसा ओळखायचा, सांडशी पोटाजवळ धरायची नाही, फरशीवर उभं राहताना जड लाकडी खडावा कशा बांधायच्या, सगळं त्यांनीच मला दाखवलं. दाखवायच्या आधी प्रत्येक वेळी नाक धरून बोलवलं.

दिगंबर कधी शिवी देत नव्हता. ओरडत नव्हता. हातमोजे वाटायचं काम त्याचं होतं. तो ते सगळ्यांच्या हातात द्यायचा आणि माझे फळीवर ठेवायचा. मी फळीवरून उचलायचो. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र दर वेळी लक्षात यायचं, आणि मला लक्षात येतं हे त्याला कळायचं. आमच्या दोघांचं असं रोज बोलणं चालायचं.

मग तो रविवार आला. बायको आणि लेक बरोबर होती. लेक चार वर्षांची. नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर आम्ही भाजी घेत होतो. रिक्षा, मोटारसायकली, हॉर्न, काही ऐकू येत नव्हतं. रस्त्याच्या पलीकडं चाचा दिसले. हातात पिशवी, धुतलेला सदरा, ओळखू येत नव्हते. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचं तोंड फुललं. हाक मारून उपयोग नव्हता. त्यांनी सवयीनं नाक धरलं.

माझी लेक खुदकन हसली. तिनंही तिचं एवढंसं नाक चिमटीत धरलं आणि चाचांना दाखवलं. चाचांना काय आनंद झाला! त्यांनी पुन्हा धरलं. तिनं पुन्हा धरलं. रस्त्याच्या त्या बाजूनं एक म्हातारा आणि ह्या बाजूनं माझी लेक, दोघांचा खेळ रंगला होता. मध्ये मी उभा होतो, कोथिंबिरीची जुडी हातात धरून. मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडू? दोघांतल्या कुणाच्याही मनात पाप नव्हतं.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाळीवरून सुटून खोलीवर पोचलो तर लेक दारात उभी. मला लांबून बघितलं आणि 'बाबा' म्हणायच्या ऐवजी नाक धरलं. वर हनुवटीही उडवली. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. कसं आलं कोण जाणे.

बायको आत भाकरी थापत होती. तिनं ते बघितलं. तिचं माहेर परतूर तालुक्यातलं. तिच्याही बापाला असंच बोलवायचे. तिचा हात पिठात तसाच राहिला.

"हे कुणी शिकवलं तिला?"

मी सांगितलं, मिलमध्ये मला असंच बोलवतात.

तवा तापून धूर निघायला लागला. मग ती खाली बघत म्हणाली, "मामंजींनी सोडलं होतं ना हे?"

आजही त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. बापानं पाठ मोडून घेतली, गावाचं बोलणं बंद झालेलं सोसलं, ते ह्यासाठी की माझ्यापर्यंत ते येऊ नये. आणि मी ते पगारी नोकरीतून घरी आणलं होतं, लेकीच्या बोटांपर्यंत. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मी मॅनेजर साहेबांकडं गेलो. साहेब जालन्यातच वाढलेले, शिकलेले, मृदू बोलणारे. कामगारांनाही अहो-जाहो करायचे. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. मी म्हणालो, दिगंबर मला अपमान करून बोलवतो. साहेब लगेच गंभीर झाले.

"काय म्हणाला तो तुम्हाला? जातीवरून काही बोलला का? स्पष्ट सांगा. मी असलं खपवून घेणार नाही."

"बोलला न्हाई साहेब."

"शिवी दिली?"

"न्हाई."

"मग नेमकं काय केलं?"

आता मला ते करून दाखवावं लागणार होतं. दुसरा मार्ग नव्हता. मी माझा हात उचलला आणि माझ्याच दोन बोटांनी माझं नाक धरलं. काचेपलीकडं एक कारकून बसला होता, तो बघत होता. गार हवेच्या त्या खोलीत मला घाम फुटला. आजवर दुसऱ्यांनी केलं होतं. आता मीच मला केलं.

साहेबांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. सुटकेचं होतं. म्हणाले, तिथं एवढा धूर, एवढी धूळ, नाक तर सगळेच धरतात. मी म्हणालो, तसं नाही साहेब, आमच्या गावाकडं... आणि थांबलो. गावाकडं काय? मेलेली ढोरं, दोर, ताटावरून उठलेला बाप, लिंबाचं झाड. साहेब वाट बघत होते. त्यांचा फोन वाजला. फोन उचलायच्या आधी ते म्हणाले, "तो काही बोललेलाच नाही, तर मी त्याला विचारू काय?"

बरोबर होतं त्यांचं. बोललेलं पकडता येतं. साक्षीदार सांगू शकतो, हा असं असं बोलला. नाकाला बोटं लावली, ह्यात काय पकडणार? गावानं पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला जे सांगितलं ते बिनबोलता सांगितलं. कप कुठं ठेवायचा, उभं कुठं राहायचं, हातात द्यायचं की खाली ठेवायचं. कुठंही एक शब्द सांडलेला नाही. म्हणून तर सगळे म्हणू शकतात, आमच्यात असलं काही नव्हतं.

त्या दिवसानंतर मी खुणेकडं बघायचं बंद केलं. कुणी नाक धरलेलं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की मी मान दुसरीकडं फिरवायचो. मला एवढंच करता येत होतं. मिशीवाला वैतागला. पोटवाल्यानं जवळ येऊन मला गदागदा हलवलं, कानात ओरडला, "बहिरा झाला का रे?" चाचा नुसते बघत राहायचे. त्यांना वाटलं, माझं घरी काही बिनसलं असेल. दिगंबरला कळलं होतं. तो मुद्दाम जास्त वेळा करायला लागला.

आणि मग ते झालं.

सळई रोलमध्ये शिरताना कधी कधी चुकते. तोंड अडकतं, मागून रेटा चालूच असतो, मग ती तापलेली लांबलचक सळई उसळून बाहेर पडते, वाट फुटेल तिकडं. माझी पाठ त्या बाजूला होती. चाचा समोर होते, त्यांना दिसलं. त्यांनी नाक धरलं. मी बघितलं. मला चाचांचा चेहरा दिसला, त्यांची दोन बोटं दिसली, आणि मी मान फिरवली. त्यांनी पुन्हा धरलं असणार. मग दोन्ही हातांची फुली केली असणार. ती मी बघितली नाही. मी भिंतीकडं बघत होतो.

डाव्या पोटरीला काहीतरी गार लागल्यासारखं वाटलं. खरंच, आधी गारच वाटलं. मग मी पडलो.

माझ्याच मांसाचा वास मला आला. माणसं धावत आली, चाचांनी मला काखेत धरून ओढलं. पडल्या पडल्या मला दिगंबर दिसला. तो लांब उभा होता आणि त्यानं नाक धरलं होतं. त्या वेळी ती खूण होती की त्याला खरंच वास येत होता, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

दवाखान्याचा खर्च मिलनं केला. चौकशीत ठरलं की चूक माझी. खूण केली होती, सगळ्यांनी बघितली, ह्यानं मुद्दाम बघितलं नाही. दिगंबरनं तसंच सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याकडं काय होतं?

चाचा दवाखान्यात आले. खाटेच्या कडेला बसले. रडत होते. "दो बार बुलाया बेटा. तू देखा काहे नहीं?"

"देखा था, चाचा," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, मोडक्या हिंदीत, दिवसा, शेजारच्या खाटांवरची माणसं ऐकत असताना. लिंबाचं झाड, बाप, सायकल, दोर. ती खूण म्हणजे काय ते. चाचा ऐकत होते. हळूहळू त्यांनी त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला, त्या दोन बोटांकडं बघितलं आणि तो हात गमछ्याखाली घातला. बराच वेळ बाहेर काढला नाही. उठताना म्हणाले, "तो तुमको क्या करके बुलाएँ?"

त्यांनी मला 'तुम' म्हटलं, तेही पहिल्यांदाच. पण मला सांगता येईना. मला कशानं बोलवावं? उंचीची खूण मला हवी होती, ती आता पोरखेळ वाटायला लागली. माझी खूण कोणती, ह्याचा विचार करायची पाळी आमच्या घराण्यात कुणावर आलीच नव्हती. दुसरे ठरवायचे आणि आम्ही उठायचो.

घरी आल्यावर मी खाटेवर पडून असायचो, पाय उशीवर. एका सकाळी लेक आली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. ती पायथ्याशी उभी राहून नाक धरत असेल, मी बघत नव्हतो, म्हणून ती चिडली असेल. जवळ आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, थोपटला. मी वळलो.

तिचा हात मी तसाच धरून ठेवला, खांद्यावर. तिला म्हणालो, "बाबाला असं बोलवायचं. जवळ यायचं, हात लावायचा. न्हाई तर बाबा बघणार न्हाई."

तिला ते बिलकुल सोपं होतं. दोन दिवसांत ती नाकाचं विसरून गेली. मी विसरलो नाही. पडल्या पडल्या मला कळून चुकलं होतं की चाचांना द्यायचं उत्तर हेच आहे.

मी परत कामावर गेलो. पायावर फार वेळ उभं राहता येईना, म्हणून मला शेवटच्या टोकाला कटिंग मशीनवर बसवलं. गार झालेल्या सळया येतात, दांडा ओढला की त्या मापानं कापल्या जातात. ओढायच्या आधी सुपरवायझर खूण करतो. दांडा ओढला नाही तर कुणाचा जीव जात नाही. सळया साचत जातात, एवढंच.

सळयांची पहिली रास आली. दिगंबर समोर उभा. त्यानं नाक धरलं.

ह्या वेळी मी मान फिरवली नाही. सरळ त्याच्याकडं बघितलं, डोळ्यात डोळे घालून. मान हलवली. नाही. मग माझाच हात माझ्या खांद्यावर ठेवून दोनदा थोपटला. इथं हात लाव, मग ओढतो.

मिलमधल्या बाकी कुणाला काही कळलं नाही. त्याला लगेच कळलं. आम्ही एकाच गावचे आहोत. त्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा नाक धरलं, जोरात. मी पुन्हा खांदा दाखवला. सळया येत होत्या, एकावर एक चढत होत्या. तो चालत माझ्याकडं आला. हातभर अंतरावर थांबला. त्याचा हात थोडा वर आलेला मी बघितला. तो हात खाली गेला. त्यानं मागं वळून कानाची पाळी ओढली. चाचांना बोलवलं आणि माझ्याकडं बोट केलं.

चाचा आले. त्यांना नोकरीची भीती होती, घरी माणसं होती, मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दांडा ओढला.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. तो नाक धरतो, मी खांदा दाखवतो, तो हातभर अंतरावर येऊन थांबतो आणि मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. बाकीचे कामगार आता मला खांद्यालाच हात लावून बोलवतात. काहींना अर्थ कळला आहे, काहींना नाही. चाचा नजर चुकवतात. काही बदललं आहे असं मी म्हणणार नाही. पाय अजून ठणकतो. हातमोजे अजून फळीवरच असतात.

काल साहेबांनी मला परत बोलवलं. ह्या वेळी बसा म्हणाले नाहीत. माल साचतो, उत्पादन अडतं, सुपरवायझरशी असहकार चालला आहे. असंच चाललं तर कामावरून काढावं लागेल. दिगंबर बाजूलाच उभा होता, हात पाठीमागं बांधून.

मी म्हणालो, "साहेब, मी कुठं काई बोललो?"

साहेबांनी दिगंबरकडं बघितलं. दिगंबर खाली बघत होता.

काढायचं असेल तर त्यांनी काढावं. एमआयडीसीत दुसरी मिल असेल, दुसरा सुपरवायझर असेल, कदाचित तिथंही गाव आधीच येऊन उभं असेल. मी तिथंही हेच करीन. उद्याची पाळी सकाळची आहे. मी मशीनवर बसणार, सळया येणार, तो नाक धरणार. त्यानं चार पावलं चालत यायचं आणि माझ्या खांद्यावर त्याचा स्वतःचा हात ठेवायचा. सळया छतापर्यंत गेल्या तरी चालतील. त्याच्या खुणेला मी उठणार नाही.